फोटू काढलासा, दिलासा कुणाला?

(मंडळाच्या मासिक कार्यक्रमात पडद्यावर छायाचित्रं दाखवत केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा आटोपशीर केला आहे.)



चिटणीस साहेबांचा फोन आला तेव्हा आम्हाला वाटलं, वर्गणी राहिली असेल. ते म्हणाले, "वर्गणी पोचली. खानापूरच्या रानातले फोटो घेऊन या आणि दोन शब्द बोला." फोटो आणले आहेत. दोन शब्दांची मात्र खात्री देत नाही. पदविका घेऊन नोकरीला लागलो त्याला वीस वर्षं होत आली. एवढ्या काळात आम्ही लिहिलं ते अंदाजपत्रक आणि बोललो ते ठेकेदाराशी. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आम्ही राज्य सरकारचे नोकर. खातं कोणतं ते सांगत नाही. सीमाप्रश्न, नदीच्या पाण्याचा तंटा असल्या मोठ्या विषयांवर आमच्याकडून काही काढून घ्यायचा प्रयत्न करू नये. चहाच्या वेळी विचारलंत तरी हसून टाळू.

'आम्ही' म्हणजे तिघं. एक सरकारी नोकर, जो आत्ता तुमच्यासमोर उभा आहे. दुसरे प्राथमिक शाळेतले गुरुजी. तिसरा निपाणीचा मित्र, त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. कॅमेरा दोघांकडे, गाडी एकाकडे, आणि पेट्रोल तिघांत. रविवार आणि सणाची सुट्टी एवढाच आमचा वेळ. बायकांची बोलणी तिघांनाही सारखीच.

आता जागेविषयी. बेळगावहून खानापूर पंचवीस-सव्वीस किलोमीटर. इथल्या बहुतेकांची सोयरीक, नाहीतर निदान एखादी भाताची वाटणी तरी त्या तालुक्यात असेल. पण खानापूरच्या पश्चिमेला, हेम्माडगा, नेरसे, जांबोटी, कणकुंबी या बाजूनं रान दाट होत जातं, आणि त्या रानाच्या पोटात गावं आहेत. गवाळी, कोंगळा, पास्टोली, तळेवाडी, कृष्णापूर, देगाव, मेंडील, आमगाव. आमच्यापैकी दोघांचा जन्म बेळगावात गेला, पण तिशी ओलांडेपर्यंत यातली चार नावंसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हती. या रानात भीमगड किल्ला आहे. त्याच्याच नावानं २०११ साली इथं अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. म्हादई इथंच उगम पावते आणि पुढं गोव्यात जाऊन मांडवी होते. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि उलट दिशेनं, पूर्वेला जाते. एकाच डोंगरातून एक नदी अरबी समुद्राला आणि दुसरी कृष्णेला, आणि मध्ये ही गावं.

पाऊस किती? आपल्या बेळगाव शहरात वर्षाला सव्वाशे सेंटिमीटरच्या आसपास पडतो आणि तेवढ्यातच आपण छत्रीला कंटाळतो. आमगावात २०१० साली १०,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. म्हणजे आपल्या आठपट. ओढ्याला पाणी चढलं की गाव तुटतं. साकव असेल तर असेल, नसेल तर पाणी उतरेपर्यंत थांबायचं. माणूस आजारी पडला तर बांबूला घोंगडी बांधून त्यात घालायचा आणि खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणायचा. हे जुन्या काळातलं सांगत नाही. आजही हे असंच चालतं.

आम्ही तिथं पहिल्यांदा गेलो ते कामासाठीच, एका साकवाची मापं घ्यायला. मापं झाली, अंदाजपत्रक झालं. साकवाचं पुढं काय झालं ते विचारू नका. पण त्या दिवशी खिशातल्या मोबाईलवर चार फोटो काढले. धुकं, भातखाचरं, कौलारू घर, दारात घोंगडी पांघरून बसलेले एक आजोबा. गुरुजींनी ते बघितले आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी जायचं." तिथून हा नाद लागला.

थोडं तंत्राविषयी बोलतो, कारण मागच्या रांगेत दोन-तीन फोटो काढणारे तरुण दिसतात. रानात फोटो काढणं अवघड आहे. झाडाखाली उजेड इतका कमी की आयएसओ ३२०० वर नेला तरी हात हलतो, आणि फांद्यांतून दिसणारं आभाळ मात्र पांढरं फटक. आभाळ सांभाळावं तर माणूस काळा पडतो, माणूस सांभाळावा तर आभाळ जातं. आम्ही शेवटी आभाळ सोडून दिलं. पहिल्याच पावसाळ्यात एका लेन्सला आतून बुरशी धरली. कुणीतरी सांगितलं तांदळाच्या डब्यात ठेवा. ठेवली, तर तांदळाची पूड आत गेली. आता हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, एवढंच करतो. जळवांसाठी मात्र गावातल्यांचाच उपाय, तंबाखूचं पाणी. आमच्या निपाणीच्या मित्राला त्याचा फार अभिमान.

तर दोन वर्षांत हजारभर फोटो जमले, आणि आम्ही बेळगावात एक हॉल तीन दिवस भाड्यानं घेऊन प्रदर्शन भरवलं. बेचाळीस फोटो, काळ्या चौकटीत. नाव दिलं 'रानातले चेहरे'. तुमच्यातले काहीजण आले होते, अभिप्राय-वहीत छान छान लिहून गेले होते. वर्तमानपत्रात दोन कॉलम बातमी आली. आम्ही हवेत होतो.

त्या प्रदर्शनातला हा फोटो बघा. सगळ्यांत जास्त कौतुक याचंच झालं. एक आजी चुलीपुढं बसली आहे, धूर वर चढतोय, कौलातल्या फटीतून उन्हाची तिरीप त्या धुरात उतरली आहे. खाली चिठ्ठी लावली होती, 'वनवासी वृद्धा, खानापूर तालुका'.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉलेजात शिकणारी एक मुलगी आली. त्या फोटोपुढं बराच वेळ उभी राहिली. आम्हाला वाटलं, भारावली. गुरुजी जवळ गेले, धूर आणि प्रकाश यावर काही सांगायला लागले. ती म्हणाली, "सर, ही माझी आजी. हिला नाव आहे."

गुरुजी गप्प झाले. ती पुढं म्हणाली, "आणि आमच्या त्या खोलीत गॅस आहे. तो कुठं गेला?"

मंडळी, गॅस कुठं गेला ते आम्हा तिघांना पक्कं ठाऊक होतं. सिलिंडरवर आम्हीच पोतं टाकलं होतं. शेगडी उचलून ओट्याखाली आम्हीच ठेवली होती. चूल होती, आंघोळीचं पाणी तापवायला होती. पण तिला एवढा धूर नव्हता. "आजी, जरा ओलं लाकूड घाला की," असं आम्हीच सांगितलं होतं, आणि पाहुण्याचं मन मोडू नये म्हणून त्या माउलीनं खोकत खोकत घातलं होतं.

मुलगी काही भांडली नाही. अभिप्राय-वहीत सहीसुद्धा केली नाही. पण आम्ही त्या रात्री चौकटी गाडीत भरताना एकमेकांशी बोललो नाही.

पुढं आम्ही थोडं वाचन केलं. गुरुजींनी ग्रंथालयातून पुस्तकं आणली. तेव्हा कळलं की ही खोड आपल्या आधीची, चांगली दीडशे वर्षं जुनी आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफीची सोसायटी निघाली. आपले डॉ. भाऊ दाजी लाड, त्यांचे बंधू नारायण दाजी हे तिथल्या पहिल्या भारतीय फोटोग्राफरांपैकी. त्याच काळातला विल्यम जॉन्सन. त्यानं मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचं पुस्तक १८६३ आणि १८६६ साली दोन भागांत लंडनला छापलं. त्याची रीत अशी की माणसांचे फोटो काढायचे एका ठिकाणी, मग ती आकृती कापायची आणि दुसऱ्याच एखाद्या देखाव्यावर बसवायची. माणूस कुठला, मागचा डोंगर कुठला, आणि बघणाऱ्याला वाटावं दोन्ही एकत्रच जन्मले. त्याच्यामागून इंग्रज सरकारनं 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले, १८६८ ते १८७५ या काळात. साडेचारशेहून अधिक फोटो. बहुतेकांखाली जातीचं, जमातीचं, धंद्याचं नाव. माणसाचं नाव क्वचित.

हे वाचल्यावर आम्ही हसलो, पण ते हसू काही बरं नव्हतं. कात्री आम्ही चालवली नव्हती. पोतं मात्र टाकलं होतं.

त्याच रानातली आणखी एक गोष्ट सांगतो. तळेवाडी-कृष्णापूरच्या बाजूला बारापेडे नावाच्या गुहा आहेत. तिथं एक वटवाघूळ राहतं. १९१३ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं, एका इंग्रज अभ्यासकाच्या नावावरून, रॉटनचं वटवाघूळ. कितीतरी वर्षं जगात ते फक्त याच गुहांत राहतं असं मानलं जायचं, नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. जगभरच्या पुस्तकांत त्या वटवाघळाची नोंद आहे आणि ती असायलाच हवी, त्याविषयी आमची काही तक्रार नाही. पण त्याच गुहेच्या वाटेवर राहणाऱ्या बाईला आम्ही 'वनवासी वृद्धा' म्हणून मोकळे झालो होतो.

मग याहून वेगळ्या रीतीनं कुणी काम केलंय की नाही? केलंय, आणि आपल्या निपाणीतच केलंय. १९८२ साली 'युगांतर' नावाच्या बंगळूरच्या गटानं निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बायकांवर एक छोटा चित्रपट केला, 'तंबाखू चाकीला ऊब आली'. पंचवीस मिनिटांचा. दीपा धनराज आणि त्यांच्या मैत्रिणी, कॅमेऱ्यावर नवरोज कॉन्ट्रॅक्टर. ही मंडळी चार महिने निपाणीत त्या बायकांच्या संगतीनं राहिली. काय दाखवायचं, कसं दाखवायचं, ते त्या बायकांशी बोलून ठरलं. त्यांची संघटना कशी उभी राहिली ते त्यांनी स्वतः कॅमेऱ्यापुढं उभं केलं.

आमच्या मित्राची आई याच निपाणीत वखारीत कामाला होती. असा काही चित्रपट आहे हे तिला चाळीस वर्षं माहीत नव्हतं. त्यानं एका रात्री घरी तो तिला मोबाईलवर दाखवला. तिनं पूर्ण बघितला, एकदा थांबवायला लावून पुन्हा मागं घ्यायला सांगितला, आणि शेवटी म्हणाली, "असंच हुतं. सिनेमात वास येत न्हाई, एवढंच." चित्रपटाचं यापेक्षा नेमकं परीक्षण आम्ही कुठं वाचलेलं नाही.

आम्हाला चार महिन्यांची रजा मिळणार नव्हती. पण रविवार होते. आम्ही पुन्हा गेलो. या खेपेला कॅमेरे गाडीतच ठेवले आणि बरोबर फोटोंची पिशवी नेली. चार बाय सहाच्या प्रती, दमट हवेत टिकाव्यात म्हणून लॅमिनेशन केलेल्या. आधी गेलो त्या आजीच्या घरी. नात घरी नव्हती. आजी अंगणात नाचणी पाखडत होती. आम्हाला बघून ओळखलं. बसायला घोंगडी टाकली, कोकमाचं सरबत दिलं, आणि मग विचारलं, "गेल्या खेपेला फोटू काढलासा, त्यो दिलासा कुणाला?"

आजच्या भाषणाला हेच नाव दिलंय. दोन वर्षं आम्ही त्या गावात जात होतो, हजार फोटो काढले होते, आणि एकही प्रत कुणाला दिली नव्हती. दिला कुणाला? तर बेळगावकरांना, वर्तमानपत्राला, मोबाईलवरच्या मित्रांना. ज्यांचा होता त्यांना सोडून सगळ्यांना.

त्या दिवसापासून आम्ही तीन नियम केले. पहिला, प्रत आधी त्या घरी पोचेल, मग बाहेर दिसेल. दुसरा, फोटोखाली काय लिहायचं ते तो माणूस सांगेल, आणि नको म्हणाला तर फोटो दाखवायचाच नाही. तिसरा, काय काढायचं ते आधी त्यांना विचारायचं. आज पडद्यावर जे फोटो आहेत ते परवानगी घेऊन दाखवतोय, नावंही त्यांच्या सांगण्यानुसार खाली आहेत. पण हे भाषण स्मरणिकेत छापलं जाईल असं चिटणीस आत्ताच म्हणाले. छापायचं आम्ही कुणाला विचारलेलं नाही. म्हणून तोंडानं नावं घेत नाही, आणि गाव यातलं नेमकं कोणतं तेही सांगत नाही. राग मानू नये.

तिसऱ्या नियमानं आमची फार गंमत केली. आम्हाला वाटलं होतं, लोक धबधबा दाखवतील, गुहा दाखवतील. धबधब्याचे आमच्याकडं दोनशे फोटो होते. एकानंही धबधबा सांगितला नाही. हे बघा त्यांनी काय काढायला लावलं. ही शाळा, पटावर सात पोरं, बाईंसकट. हा झरा, आजाच्या हातानं बांधून काढलेला. ही बैलजोडी, नावासकट. हा माउलीचा मांड. हा शेताचा गडगा, कोपऱ्यातला हा दगड दिसलाच पाहिजे असा आग्रह, कारण भाऊबंदकीचा वाद त्या दगडावरून आहे. ही टेकडीवरची एक जागा, काही दिसतं का बघा. काही नाही. पण मोबाईलला रेंज इथंच येते. पोरगी पहिल्यांदा पास झाल्याची बातमी इथं उभं राहून कळली, म्हणून बापानं तिथं उभं राहून फोटो काढून घेतला.

आणि सगळ्यांत जास्त मागणी कशाची, सांगा बघू? गेलेल्या माणसांच्या फोटोंची. घराघरातून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली आधार कार्डं, मतदार ओळखपत्रं बाहेर आली. "आमच्या आईचा ह्यो एकच हाय. मोठा करून मिळंल काय?" आपल्या घरी भिंतीवर आजोबा-पणजोबांच्या तसबिरी असतात, हार घातलेल्या, त्यामुळं आपल्याला हे सुचतच नाही. त्या घरांत आईबाप वारले तर मागं चेहरा उरतो तो नखाएवढा, तोही सरकारी मशीननं काढलेला, डोळे अर्धवट मिटलेला. आम्ही ते कार्डांवरून काढून घेतले, मोठे केले, जमेल तेवढे साफ केले. चांगले येत नाहीत. मोठं केलं की चेहरा विरतो. तरी लोकांनी घेतले.

एका बाबांनी बायकोचा फोटो आणून दिला. कार्डाची झेरॉक्स, काळीपांढरी, कपाळावरचं काही दिसेना. म्हणाले, "तेवढं कुंकू दिसू द्या साहेब. ती कधी कुंकवाबिगर बाहेर आली न्हाई." आता आली का पंचाईत? धुराच्या प्रकरणानंतर आम्ही शपथ घेतली होती की फोटोत काही घालायचं नाही, काही काढायचं नाही. गाडीत परतीच्या वाटेवर आम्हा तिघांत नेरशापर्यंत वाद झाला. गुरुजी म्हणाले, नियम म्हणजे नियम. मित्र म्हणाला, "तो धूर आपल्यासाठी होता. कुंकू त्यांच्यासाठी आहे." कुंकू लावलं. आजही आम्हाला त्यात चूक वाटत नाही.

नकारही आले. एका बाईनं सांगितलं, माझा फोटो पुसून टाका. कारण विचारलं नाही. तिच्यासमोरच पुसला. चांगला फोटो होता, हे मात्र आमच्या मनातून अजून पुसलेलं नाही.

आता जरा कठीण भागाकडं येतो. वर्तमानपत्रात तुम्ही वाचलं असेल, अभयारण्यातल्या या गावांना बाहेर येऊन राहायचं असेल तर सरकारची पुनर्वसनाची योजना आहे. कुटुंबामागं १५ लाख रुपये. २०२५ च्या मे महिन्यात तळेवाडीच्या २७ कुटुंबांना त्यातला १० लाखांचा पहिला हप्ता मिळाला. बाकीच्या गावांत बोलणं चालू आहे. घराघरात दोन मतं आहेत, आणि काही घरांत तर एकाच माणसाची दोन मतं आहेत.

एक आई आम्हाला म्हणाली, "थोरलीचं बाळंतपण वाटंत झालं. मला रान नको आणि रानाचं कवतिक बी नको." तिच्या दारात बसलेले सासरे म्हणाले, "माणसं जातील टेम्पोत बसून. माउलीला कशात बसवायचं?" दोघंही खरं बोलत होते. तरुण पोरांपैकी अनेकजण आधीच गोव्यात कामाला आहेत. गावात राहतात ती म्हातारी माणसं, बायका आणि शाळकरी पोरं. रान राखलं पाहिजे हे त्यांनाही कळतं, पिढ्यान् पिढ्या त्यांनीच राखलंय. पण दवाखाना, शाळा, रस्ता हवा असं म्हणणाऱ्याला, "अहो, इथं किती शांत आहे," असं सांगायचा आपल्याला काय हक्क? आपण संध्याकाळी गाडीत बसून बेळगावला येतो.

या सगळ्यात फोटोंना अचानक किंमत आली. एका बाजूच्या लोकांनी आमच्याकडं धुक्याचे, भाताचे सुंदर फोटो मागितले, हे लोक सुखात आहेत, हलवू नका, असं दाखवायला. दुसऱ्या बाजूच्यांनी धूर, चिखल, घोंगडीतून नेलेला पेशंट, असले फोटो मागितले, हे लोक हालात आहेत, लवकर हलवा, असं दाखवायला. दोन्ही फोटो आमच्याकडं होते. गाव तेच, माणसं तीच, कधीकधी दिवससुद्धा तोच. आम्ही दोघांनाही सांगितलं, गावाला विचारा, गाव हो म्हणालं तर देऊ. दोघांपैकी कुणी गावात गेलं नाही. आम्ही नोकरीत आहोत, आमचं मत विचारू नका असं सुरुवातीलाच सांगितलंय. पण एवढं मात्र म्हणतो, की निर्णय फोटो बघून होऊ नये. माणसांना विचारून व्हावा.

मग आमच्या फोटोंचा उपयोग काय? हा प्रश्न आम्हीही एकमेकांना विचारला. उत्तर साधंच मिळालं. गावानं आम्हाला सांगितलं, जायचं झालं तर सगळ्याचा एकेक फोटो पाहिजे. आता आम्ही घरवार काम करतोय. प्रत्येक घराची एक वही. घर चारी बाजूंनी, माणसं दारात उभी, देव्हारा, विहीर किंवा झरा, झाडं, जनावरं, शेताच्या सीमा. मापं काढायची आम्हाला सवय आहेच, नोकरीत तेच केलं. खाली नावं, शक्य तेवढी नाती, आणि कोण कुणाला काय हाक मारतं तेसुद्धा. एक वही त्या घरात, एक आमच्याकडं. गाव हललं तर पोरांना सांगता येईल की हे असं होतं. नाही हललं तर भाऊबंदकीत दगड कुठं होता ते तरी कळेल.

आणि ती चुलीपुढची आजी? तिची गोष्ट सांगून थांबतो. त्या दुसऱ्या खेपेला आम्ही तिचा नवा फोटो काढला होता. पोतं नाही, धूर नाही. शेगडीवर चहाचं आधण, शेजारी लाल सिलिंडर, आणि आजी तोंडावर पदर धरून हसतेय. आम्हाला वाटलं, आता चूक भरून निघाली. नातीला तो पाठवला, तिनंही छान म्हणून कळवलं. पुढच्या पावसाळ्यात आजी गेली. ओढ्याला पाणी होतं, आम्हाला महिन्यानं कळलं. भेटायला गेलो. भिंतीवर हार घातलेली तसबीर होती. बघतो तर धुरातला जुनाच फोटो. खाली आजीचं पूर्ण नाव, जन्मगाव, सासर, नातीच्या अक्षरात.

आम्ही तिघंही ओशाळलो. गुरुजींनी हळूच विचारलं, "बाळ, नवा का नाही लावलास?" ती म्हणाली, "आजीला हाच आवडायचा, सर. ह्यात तिचं तोंड चांगलं आलंय."

याच्यावर काय बोलायचं ते आम्हाला अजून सुचलेलं नाही. म्हणून तुम्हालाही काही सांगत नाही.

जाता जाता मंडळाला एक विनंती. आपली घराणी या भागात पिढ्यान् पिढ्या आहेत. कपाटात अल्बम आहेत, पत्र्याच्या ट्रंकेत जाड पुठ्ठ्यावरचे स्टुडिओतले फोटो आहेत. पणजोबा काठी धरून उभे, शेजारी कुंडी, मागं रंगवलेला पडदा. आमच्या स्वतःच्या घरी अशी एक पेटी निघाली. एकवीस फोटो. त्यातली नऊ माणसं कोण, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. चांगले कपडे घालून, पैसे मोजून, बेळगावच्या स्टुडिओत जाऊन काढलेले फोटो, आणि आज ती माणसं आमच्याच घरात निनावी झाली आहेत. रानातल्या माणसाला नाव नाही म्हणून आम्ही इतका वेळ हळहळलो, आणि घरची गत ही.

तेव्हा या गणपतीत, गौरीच्या जेवणाला सगळी माणसं जमतील तेव्हा, ती पेटी उघडा. घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला मध्ये बसवा. आणि प्रत्येक फोटोच्या मागं, मऊ पेन्सिलीनं, शाईनं नको, शाई पुढं उमटते, नाव लिहा, नातं लिहा, गाव लिहा. मोबाईलवर एक प्रत काढून ठेवा. मंडळानं पुढच्या वर्षी त्याचा एक दिवस ठेवला तर प्रती काढून द्यायला आम्ही तिघं रविवारी यायला तयार आहोत. पेट्रोल मंडळाचं.

कुणाला फोटो हवे असतील तर आमच्याकडं मागू नका. ज्यांचे आहेत त्यांच्याकडं आम्ही तुम्हाला घेऊन जाऊ. पाऊस थांबला की वाट चांगली असते.